झाशी ते मेलबर्न, तेरा तास

ज्येष्ठातल्या एका मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी आई गेली. मी घरी होतो. पावणेदहाला मी बहिणीला फोन केला आणि आई हॉस्पिटलमध्ये आहे असं सांगितलं.

बहीण मेलबर्नला असते. माझ्याहून आठ वर्षांनी धाकटी. लग्नानंतर ती नवऱ्याबरोबर तिकडे गेली आणि दोन वर्षांत तिथल्या एका वृद्धाश्रमात नर्स म्हणून लागली. आई शेजारणींना सांगायची, "तिकडच्या म्हाताऱ्यांचं नशीब बघा, माझी मुलगी त्यांना मिळाली." हे ती हसत सांगायची आणि मग लगेच दुसरा विषय काढायची.

आमचं घर लक्ष्मी गेटच्या आत आहे. पूर्वज दौत-लेखणी घेऊन दक्षिणेतून इकडे आले, हिशेब लिहायला राहिले, आणि मग परत गेलेच नाहीत. घरात मराठी, दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी. मी इथल्याच एका इंटर कॉलेजात इतिहास शिकवतो. लग्न केलं नाही. आई आणि मी असे दोघंच होतो, आणि माझी पुस्तकं, ज्यांच्यावरून ती रोज दोन वाक्यं बोलायची.

अंतर मोजायची आईची स्वतःची रीत होती. ती डब्यांत मोजायची. ग्वाल्हेर म्हणजे डबा नको, पाण्याची बाटली पुरे. भोपाळ एक डबा. पुणे तीन डबे, त्यातला तिसरा दशम्यांचा, कारण दशम्या दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. बहीण पहिल्यांदा मेलबर्नला निघाली तेव्हा आईनं विचारलं, "किती डबे करू?" बहीण म्हणाली, "आई, विमानात जेवण देतात." आई म्हणाली, "देतात ते देऊ देत. मी किती करू ते सांग."

पुढे एकदा तिनं मला नीट विचारलं, की खरं किती लांब आहे. मी मोबाइलवर शोधलं. दोन गावांची नावं टाकली की मधलं अंतर आणि विमानाचा वेळ सांगणारी पानं असतात, त्यातलं एक उघडलं. झाशीवरून एक रेघ निघाली, समुद्रावरून वाकत गेली आणि खाली ऑस्ट्रेलियाच्या टोकाशी टेकली. दहा हजार किलोमीटरच्या आसपास. उड्डाणाचा वेळ साधारण तेरा तास.

आईनं चष्मा वर करून ती रेघ पाहिली. "झाशीहून कुठलं विमान? बबीन्याला फौजेची हेलिकॉप्टरं येतात, तेवढीच."

"हे नुसतं हिशेबापुरतं आहे," मी म्हटलं.

"मग हिशेब चुकीचा आहे. तू करून दे बरोबर."

मला असली कामं आवडतात. मी एका कागदावर मांडून काढलं. बहिणीच्या घरापासून विमानतळ. तिथे तीन तास आधी जाणं. विमानाचे तेरा तास. दिल्लीला उतरल्यावर रांग आणि सामान. तिथून स्टेशन. गाडीची वाट. मग झाशी पाच तास. सगळं एकात एक नीट बसलं तर सव्वीस-सत्तावीस तास, नाहीतर तीस. बहीण त्याला "दादाचं टाइमटेबल" म्हणायची. यायची असली की फोनवर विचारायची, "टाइमटेबलप्रमाणे किती वाजता पोहोचते रे मी?" माझा अंदाज सहसा अर्ध्या तासाहून जास्त चुकत नसे. घरातल्या दुसऱ्या कुणाला हा हिशेब ठाऊक नव्हता. तसं कारणही नव्हतं.

त्या मंगळवारी आई सकाळी उठली, चहा घेतला, देवासमोर बसली आणि बसल्या जागी कलंडली. डॉक्टर गल्लीतच राहतात, ते पाच मिनिटांत आले. त्यांनी करण्यासारखं काही नव्हतं. मागच्या आळीतून काका आले. काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, सत्तरीचे, आमच्या घरात आता तेच मोठे. त्यांच्यामागून त्यांची सून आली. समोरच्या चाची आल्या. त्या बुंदेली बोलतात, पन्नास वर्षं आईची मैत्रीण. त्या आईच्या पायाशी बसल्या आणि पाय चेपू लागल्या, रोज संध्याकाळी चेपायच्या तसे.

मी मोबाइल हातात घेतला तेव्हा काका म्हणाले, "तिला गेली म्हणून सांगू नकोस."

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"एकटी येणार आहे पोर. विमानात कोण आहे तिचं? 'सिरियस आहे' एवढंच म्हण. इथे आल्यावर आपण आहोत सांभाळायला."

आमच्यात असंच करतात. प्रवासात असलेल्याला मृत्यू कळवत नाहीत. घरी पोहोचेपर्यंत माणूस आजारी असतं. वडील गेले तेव्हा मी पुण्याला एम.ए. करत होतो. घरमालकांच्या फोनवर निरोप आला, "बाबा सिरियस आहेत, निघ." मी निघालो. झाशी स्टेशनवर काकांनी मला मिठी मारली तेव्हा मला कळलं. त्या प्रवासाबद्दल मी कधी कुणाशी बोललो नव्हतो. लोक म्हणायचे, बरं केलं सांगितलं नाही ते, आणि मीही मान हलवायचो. इतकी वर्षं मान हलवल्यावर ते खरंच वाटायला लागतं.

मी फोन लावला. तिकडे दुपारचे सव्वादोन वाजले होते. ती कामावर होती.

"दादा? तू या वेळी?"

"आईला अॅडमिट केलंय."

 मग बोलली ती बहीण नव्हती, नर्स होती. "कधी? शुद्धीवर आहे?"

"हो."

"बीपी किती?"

हे मला सुचलंच नव्हतं. आमच्या घरात असं खोटं बोलण्याची रीत होती, पण पलीकडे नर्स असेल याची त्या रीतीत सोय नव्हती. समोर फ्रिजवर डॉक्टरांचा कागद चुंबकानं लावलेला होता. महिन्यापूर्वी आईला खोकला झाला होता तेव्हाचा. मी त्यावरून वाचलं. "एकशे वीस, ऐंशी."

"ऑक्सिजन?"

"चौऱ्याण्णव."

"मास्क लावून चौऱ्याण्णव, की तसंच?"

"तसंच."

तिनं सुस्कारा सोडला. मला तो स्पष्ट ऐकू आला. "मग बरंय दादा. मग वेळ आहे. ऐक, आज संध्याकाळी एक विमान आहे सिंगापूरवरून, ते धावतपळत मिळेल. नाहीतर उद्या सकाळचं थेट दिल्ली आहे. उद्याचं घेतलं तर मला तिच्यासाठी थोडं सामान घेता येईल. पाठीला जखमा होतात रे झोपून झोपून. कुठलं घेऊ?"

काका हातानं खूण करत होते, हळू, हळू. चाची आईच्या पायांवरून हात फिरवत होत्या. मला वाटलं, आणखी एक मिनिट बोललो तर माझा आवाज फुटेल.

"उद्याचं घे," मी म्हटलं. "घाई करू नकोस."

फोन ठेवला. काका म्हणाले, "शाब्बास."

मग प्रश्न आला की थांबायचं का. मुलगा इथेच आहे, अग्नी द्यायला कुणाची वाट पाहायची नाही, असं दोघांतिघांनी हळू आवाजात म्हटलं. मुलगा परदेशात आणि मुलगी इथे असती तर हा प्रश्न कुणी काढला नसता, हे मला तेव्हाही कळत होतं. चाची म्हणाल्या, "बिन्नू खों आ जान दो भैया. मताई को मों तो देख ले." बिन्नू म्हणजे लेक, मताई म्हणजे आई, मों म्हणजे तोंड. इकडच्या बुंदेली घरांत मुलीसाठी काय काय थांबवतात ते ठाऊक नाही, पण चाची आईच्या पायाशी बसून बोलत होत्या, त्यामुळे कुणी त्यांना गप्प बसवलं नाही.

काकांच्या सुनेनं मोबाइल काढला. "बघते किती वेळ लागतो ते." तिनं दोन गावांची नावं टाकली. "तेरा तास दाखवतंय."

"तेराच?" काका म्हणाले. "मला वाटलं दोन दिवस. तेरा तास म्हणजे उद्या सकाळी दारात. मग थांबू की! थांबायलाच हवं."

"विमानं आता लय फास्ट झालीत," कुणीतरी म्हणालं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला माहीत होतं की ते तेरा तास कुठून कुठवरचे आहेत. मला हेही माहीत होतं की ती अजून निघालेली नाही, उद्या निघणार आहे, आणि माझ्या कागदाप्रमाणे गुरुवार सकाळआधी इथे पोहोचत नाही. हे सांगितलं असतं तर आईला दुपारीच नेलं असतं. मी काही बोललो नाही. माझं गप्प बसणं त्यांनी होकार मानलं.

बहिणीला मी वेळ जास्त आहे असं भासवलं आणि घरच्यांना कमी लागेल असं. यातलं पहिलं केलं नसतं, तर त्या दोघी भेटल्या असत्या.

फ्रीजरची पेटी भाड्यानं आणली. काचेखाली आई झोपल्यासारखी नव्हती दिसत, लोक म्हणतात तसं. ती गेलेली दिसत होती. मंगळवार असा गेला. संध्याकाळी बहिणीचे मेसेज येत राहिले. 'सुट्टी मंजूर.' 'हवेची गादी मिळाली, घडी होते.' 'आईला आत्ता काय देताहेत, पातळ की सगळं?' मी लिहिलं, 'पातळ.' काकांनी सगळ्या नातेवाइकांना सांगून ठेवलं होतं की कुणी तिला काही पाठवायचं नाही, आणि आश्चर्य म्हणजे सगळ्यांनी ते पाळलं. इतर वेळी आमच्या ग्रुपवर काही लपत नाही.

बुधवारी सकाळी सहाला तिचा मेसेज आला. 'विमानात बसले. आईला सांग.' खाली विमानाचा नंबर.

आठ वाजता काका आले. "कुठवर आली?"

"आत्ता निघाली."

"दिल्लीहून?"

"मेलबर्नहून."

ते खुर्चीवर बसले.  मग म्हणाले, "तेरा तास म्हणत होतात ना?"

"ते विमानाचे. आणि विमान आज सकाळचं आहे. ती उद्या सकाळी येईल."

"आणि हे तुला काल माहीत होतं?"

मी हो म्हटलं.

दहाच्या सुमाराला लाइट गेली. ज्येष्ठात आमच्याकडे ती जातेच, पण त्या दिवशी ट्रान्सफॉर्मर जळाला होता आणि दुपारपर्यंत काही होणार नाही असं सांगण्यात आलं. पेटी इन्व्हर्टरवर चालेना. बाहेर सकाळीच लू, इकडचा भाजणारा वारा, वाहू लागली होती. चाचींच्या मुलानं कुठून तरी जनरेटर आणायचं ठरवलं, दोन ठिकाणी फोन केले, लगनसराई होती, जनरेटर सगळे मांडवांत गेले होते. तासाभरानं काचेला आतून पाणी सुटलं.

काका माझ्याजवळ आले. रागावलेले नव्हते. "बहिणीसाठी थांबलो आपण," ते म्हणाले. "आता आईसाठी नको थांबायला. तिचे हाल करू नकोस."

मी पेटीकडे पाहिलं आणि म्हटलं, "चला."

चाचींनी विरोध केला नाही. त्या फक्त म्हणाल्या, "बिन्नू को का कैहो, भैया?" लेकीला काय सांगणार. 

मुक्तिधामात बाराच्या पुढे सगळं झालं. मी अग्नी दिला आणि पिंपळाच्या सावलीत येऊन बसलो. मोबाइल काढून तिच्या विमानाचा नंबर टाकला. नकाशावर एक पिवळं विमान निळ्या पाण्यावर होतं. आजूबाजूला कुठलंही नाव लिहिलेलं नव्हतं. खाली उरलेला वेळ लिहिला होता, सहा तास आणि काही मिनिटं. मी बसलो होतो तेवढ्या वेळात ते विमान नखाएवढं पुढे सरकलं. तिच्या हिशेबानं आईचा ऑक्सिजन त्या वेळी चौऱ्याण्णव होता, तसाच, काही न लावता.

संध्याकाळी साडेसातला फोन वाजला.

"दादा, उतरले. सामानाची वाट बघतेय. कशी आहे?"

"आहे."

"फोन तिच्या कानाला लाव ना. काही बोलत नाही मी. उतरले एवढंच सांगते."

मी अंगणात उभा होतो. डोक्यावर केस नव्हते आणि वारा डोक्याला वेगळाच लागत होता. आत जिथे आईला ठेवलं होतं तिथे पणती लावली होती आणि तिच्याभोवती पीठ पसरून ठेवलं होतं.

"आत्ताच डोळा लागलाय तिचा," मी म्हटलं.

"बरं बरं. झोपू दे. उठली की सांग."

"सांगतो."

तिला रात्रीच टॅक्सीनं निघायचं होतं. मी म्हटलं, नको, रस्ता लांब आहे, एकटीनं नको, दिल्लीत नवऱ्याच्या बहिणीकडे राहा आणि सकाळच्या गाडीनं ये. ती म्हणाली, "तू म्हणतोस तर." ती लहानपणापासून असंच म्हणते.

गुरुवारी मी स्टेशनवर गेलो. डोक्याला गमछा गुंडाळला होता. उन्हाळ्यात झाशीतला प्रत्येक माणूस तसा गुंडाळतो, त्यामुळे कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. गाडी वेळेवर आली. ती दारातच उभी होती, दोन मोठ्या बॅगा पायाशी. मला पाहून तिनं हात हलवला.

"अरे, किती वाळलास! दोन दिवस जागा आहेस ना? कुणाला तरी बसवून यायचं. मी आता रात्री थांबते, तू घरी जाऊन झोप." बॅगा उतरवता उतरवता ती बोलत होती. "कुठल्या वॉर्डात आहे? आधी तिकडेच जाऊ. सामान नंतर."

 मी गमछा सोडला.

तिनं माझ्या डोक्याकडे पाहिलं. कुली बॅग उचलायला वाकला होता. "कहाँ ले चलें, दीदी?" त्यानं विचारलं. ती म्हणाली, "रुको भैया." मग मला म्हणाली, "कधी?"

"मंगळवारी. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी."

ती मनात हिशेब करत होती. तिचे ओठ हलत होते. मग तिनं विचारलं, "मग चौऱ्याण्णव कुणाचं होतं?"

"तिचंच. मागच्या महिन्यातलं. फ्रिजवर कागद होता."

ती बॅगेवर बसली. रडली नाही. लोक दोन्ही बाजूंनी जात होते. थोड्या वेळानं ती म्हणाली, "दादा, मी तुला विचारलं होतं. लावून की तसंच, म्हणून. तू 'तसंच' म्हणालास. लावून म्हणाला असतास तरी मी आदल्या दिवशीचं विमान घेतलं असतं."

ते विमान सकाळी सातला दिल्लीला पोहोचत होतं. तिथून टॅक्सी केली असती तर ती बुधवारी दोन-अडीचला घरी आली असती. हे मी नंतर मांडून पाहिलं, पण स्टेशनवर तिनं ते माझ्याआधी मांडलं होतं.

घरी आल्यावर ती पणतीसमोर बसली. चाचींनी तिला जवळ घेतलं तेव्हा ती पहिल्यांदा रडली, आणि हिंदीत रडली. दुपारी तिनं बॅगा उघडल्या. हवेची गादी, टाचांखाली ठेवायचे मऊ स्पंजचे तुकडे, झोपल्या झोपल्या पाणी पिता येईल असा चोचीचा पेला, अंग पुसायचे ओले कागद, आईच्या मापाचे दोन गाऊन, ज्यांना पुढून बटणं होती. तिनं सगळं पलंगावर मांडलं, एकदा पाहिलं आणि मला म्हणाली, "चाचांना लागेल." चाचींचे यजमान वर्षभर अंथरुणाला होते. ती स्वतःच समोर जाऊन गादी लावून आली, पंपानं हवा कशी भरायची ते चाचींना दोनदा करून दाखवलं.

शुक्रवारी आम्ही अस्थी घेऊन ओरछ्याला गेलो. आईचं जे काही तिला पाहायला मिळालं, ते लाल कापडानं तोंड बांधलेल्या मडक्यात होतं. गाडीत तिनं ते मांडीवर घेतलं. बेतवेला पाणी कमी होतं. गुरुजींचं झाल्यावर आम्ही दोघं खडकावर बसलो. काका गाडीत जाऊन झोपले.

"बाबा गेले तेव्हा काकांनी तुला फोन केला ना," ती म्हणाली, "तेव्हा मी शेजारी उभी होते. पंधरा वर्षांची होते. मी त्यांना म्हटलं, दादाला खरं सांगा. त्यांनी मला आत जायला सांगितलं. मला तेव्हापासून वाटायचं, की दादाला कळलंय हे कसं असतं, म्हणजे निदान तो तरी माझ्याशी असं करणार नाही."

मी त्या प्रवासाबद्दल तिला तेव्हा सांगितलं. आधी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. डब्यात चार फौजी होते, बबीन्याला परतणारे. त्यांनी पत्ते काढले. मी खेळलो. मनमाडपासून भुसावळपर्यंत खेळलो, दोन डाव जिंकलो, आणि मोठ्यानं हसलोही. बाबा आजारी आहेत, बरे होतील, मी त्यांना पुण्याला घेऊन जाईन, असं मी त्या फौजींना सांगितलं होतं. तेव्हा बाबांना नेऊन झालं होतं. पुढे कित्येक वर्षं कुणी पत्ते काढले की मी उठून जायचो.

तिनं ऐकून घेतलं. पाण्यात पाय सोडून बसली होती.

"मी दोन सिनेमे पाहिले विमानात," ती म्हणाली. "दुसरा विनोदी होता. शेजारची बाई माझ्याकडे बघायला लागली इतकी हसले. म्हटलं, आईला जाऊन सांगू ही गोष्ट." मग म्हणाली, "किती वाजता दिलास अग्नी?"

मी सांगितलं.

"मग तेव्हाच," ती म्हणाली.

आम्ही आणखी थोडा वेळ बसलो. मी तिला म्हणालो की माझं चुकलं. ती म्हणाली, "हो." इतर कुणी असतं तर 'जाऊ दे' म्हणालं असतं. ती तसं म्हणाली नाही, आणि मला त्याचं बरं वाटलं.

दहाव्याच्या दिवशी जेवणं झाल्यावर काका ओसरीवर बसून सगळ्यांसमोर म्हणाले, "सरळ सांगितलं असतंस, ती अमुक वेळेला येते म्हणून, तर बर्फाच्या लाद्या आणून ती येईपर्यंत ठेवलं असतं की. तुझं हे नेहमीचं. तोंडातून शब्द काढत नाहीस." बहीण तिथेच पानं उचलत होती. ती म्हणाली, "काका, शब्द न काढायला त्याला शिकवलं कुणी?" काकांनी सुपारी कातरायला घेतली. काकांची सून हसू दाबत आत गेली. त्या दहा दिवसांत त्या घरात कुणी हसलं असेल तर तेवढंच.

तेरावं झाल्यावर ती गेली. मी तिला दिल्लीच्या गाडीत बसवलं. गाडी हलताना ती दारात होती आणि मी चालत राहिलो, फलाट संपेपर्यंत. आम्ही नीटच निरोप घेतला. तिनं मला जेवणाच्या वेळा पाळायला सांगितलं.

याला आता दीड वर्ष झालं. काकांना हिवाळ्यात पडून खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा मी तिला त्याच मिनिटाला कळवलं, एक्स-रेचा फोटोसुद्धा पाठवला. मला ताप आला की सांगतो. ताप किती ते आकड्यासकट सांगतो. काही लपवत नाही. लपवण्यासारखं काही राहिलंही नाही.

घरात मी एकटा आहे. आईची खोली आवरून मी तिथे पुस्तकं ठेवली आहेत. दर रविवारी सकाळी बहिणीचा फोन येतो. ती विचारते, कसा आहेस. मी म्हणतो, बरा आहे, आणि बराच असतो. ती बरं म्हणते, मुलीच्या शाळेचं सांगते, आणि फोन ठेवते. मग समोरच्या घरात चाचींचा फोन वाजतो. दोन्ही घरांच्या मध्ये गल्ली अरुंद आहे, त्यामुळे चाचींचं बोलणं मला ऐकू येतं. त्या तिला सांगतात की भैया ठीक आहे, आज सकाळीच पाहिला, दूध घेऊन आला.